‘मशीन डिलीट केलं की जागा मोकळी’: हा सल्ला पुढे पाठवू नका

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: मशीन यादीतून डिलीट करा, सगळ्या फाइली आपोआप जातात. काही उरलंच तर तो कचरा. व्हीडीआय, व्हीएमडीके, व्हीएचडीएक्स फाइली (मशीनची व्हर्च्युअल हार्डडिस्क अशा फाइलीत असते) कॉम्प्युटरभर शोधा आणि जुन्या तारखेच्या उडवा. नाही उडवल्या तरी बिघडत नाही, मशीनच नसेल तर त्या उघडणार कोण?

यातलं पहिलं विधान अर्धवट आहे आणि शेवटचं चूक. मधल्याने मात्र लोकांचं काम कायमचं जाऊ शकतं.

‘सगळ्या फाइली आपोआप जातात.’ हे तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता त्यावर आहे. विंडोजच्या हायपर-व्हीमध्ये मशीन डिलीट केलं की त्याची सेटिंग्ज जातात, व्हर्च्युअल हार्डडिस्क जागेवरच राहते. ही चूक नव्हे, तशीच रचना आहे: मशीन पुन्हा बनवता येतं, डिस्कमधला डेटा नाही. लिनक्सवर व्हर्च-मॅनेजर डिस्कची फाइलही काढायची का, हे वेगळं विचारतो. व्हर्च्युअलबॉक्स दोन पर्याय देतो, नुसतं यादीतून काढा किंवा फाइलींसकट काढा. घाईत पहिला निवडला तर एक बाइटही मोकळा होत नाही. मशीनमध्ये सिस्टीम इन्स्टॉल करताना वापरलेली आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची नक्कल) तर दोन्ही वेळा राहते. याच्या अगदी उलट डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय: तिथे ‘अनरजिस्टर’ची आज्ञा दिली की आतला सगळा लिनक्स एकदाही न विचारता पुसला जातो. म्हणजे हा नियम दोन्ही बाजूंनी दगा देतो.

‘जुन्या तारखेच्या फाइली उडवा.’ इथे जरा थांबू या, कारण खरं नुकसान इथेच होतं. स्नॅपशॉट (पुढे परत जाता यावं म्हणून मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची केलेली नोंद) घेतला की व्हर्च्युअलबॉक्स मूळ डिस्कच्या फाइलीत लिहिणं बंद करतो. त्यानंतरचे बदल ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधल्या, नावाच्या जागी नुसते आकडे-अक्षरं असलेल्या दुसऱ्या फाइलीत जातात. मूळ फाइलीची तारीख त्या दिवशीच गोठते. मशीन तुम्ही रोज वापरत असलात तरी त्याचा पाया असलेली फाइल मात्र दोन वर्षं पडून असल्यासारखी दिसते. ती उडवली की वरचे सगळे बदल निरर्थक, कारण त्यांत फक्त फरक साठवलेला असतो. लिंक्ड क्लोनचंही, म्हणजे मूळ मशीनच्या डिस्कवरच टेकलेल्या नकलेचंही, तेच: एका डिस्कवर चार मशीनं उभी असू शकतात आणि फाइल एक्सप्लोररला त्याचा पत्ताही नसतो.

शिवाय व्हीएचडीएक्स नावाची प्रत्येक फाइल जुन्या मशीनचीच असते असं नाही. विंडोजवरचा डब्ल्यूएसएलचा उबुंटू अशाच एका फाइलीत राहतो, आणि डॉकर डेस्कटॉप या डेव्हलपरांच्या सॉफ्टवेअरचा डेटाही. शोधून सरसकट डिलीट करणारा माणूस आपला चालू प्रोजेक्ट आपल्याच हाताने पुसतो. हा सल्ला मुकाट्याने ऐकून घेणं मला जमत नाही ते यामुळेच.

फाइल कुणाची आहे ते त्या सॉफ्टवेअरलाच विचारावं. व्हर्च्युअलबॉक्सचा मीडिया मॅनेजर कोणती डिस्क कोणत्या मशीनला जोडली आहे ते दाखवतो. हायपर-व्हीमध्ये ‘इन्स्पेक्ट डिस्क’ केलं की त्या डिस्कची मूळ डिस्क कोणती ते कळतं. काढायचं तेही तिथूनच काढा. तरी शंका उरली तर फाइल बाहेरच्या डिस्कवर हलवा, उरलेली सगळी मशीनं एकदा सुरू करून बघा, मगच पुसा.

‘मशीन नसेल तर फाइल उघडणार कोण?’ कुणीही. विंडोज ८ पासून व्हीएचडीएक्सवर डबल-क्लिक केलं की ती साध्या ड्राइव्हसारखी जोडली जाते. व्हीडीआय आणि व्हीएमडीके सेव्हन-झिप या झिप फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडतात. डिस्क एनक्रिप्ट केलेली नसेल तर मशीनचा लॉगिन पासवर्ड इथे काहीच अडवत नाही, कारण तो विचारणारी सिस्टीम सुरूच झालेली नसते. ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती, सर्व्हरच्या चाव्या, चाचणीसाठी उतरवून घेतलेला ग्राहकांचा डेटाबेस, सगळं त्या फाइलीत असतं. ऑफिसचं मशीन घरच्या लॅपटॉपवर चालवलं असेल, तर तो लॅपटॉप कुणाला देण्याआधी ही फाइल मागे राहिलेली नाही, हे स्वतः तपासा.