पीएसए चारच्या आत, म्हणजे निर्धास्त?

प्रोस्टेटवरचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीवरचा एक मेसेज सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लघवीचा त्रास नसेल तर काळजी नको. पीएसए (या ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, रक्ततपासणीत मोजतात) 4 च्या आत असेल तर कॅन्सर नाही, वर गेला तर आहेच. बायॉप्सी (सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं) टाळा, सुईने कॅन्सर पसरतो. निदान झालं तर ग्रंथी लगेच काढून टाका. आणि रोज व्हिटॅमिन ई घ्या.

"लघवीचा त्रास नाही, म्हणजे काही नाही." धार बारीक होणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं हे बहुतेक वेळा वयोमानाने ग्रंथी साधी वाढल्यामुळे होतं. ही वाढ मूत्रनलिकेला वेढणाऱ्या भागात होते. कॅन्सर मात्र साधारण 70 टक्के वेळा बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो आणि बराच काळ नलिकेला दाबत नाही. त्यामुळे पन्नाशीनंतर, वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर 45 पासून आणि बीआरसीए2 जनुकात दोष असेल तर 40 पासूनच तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

"4 च्या आत सुरक्षित, वर कॅन्सर." दोन्ही चूक. अमेरिकेत पीएसए 4 किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांच्या बायॉप्सी केल्या, तेव्हा सुमारे 15 टक्के जणांत कॅन्सर सापडला. तो अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. उलट 4 ते 10 मध्ये आकडा आलेल्यांपैकी ढोबळमानाने चारातल्या एकालाच कॅन्सर निघतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी), आदल्या दोन दिवसांतलं वीर्यस्खलन यांनीही आकडा चढतो. संसर्ग झाला असेल तर सुमारे सहा आठवडे थांबूनच रक्त द्यावं.

वाढलेली ग्रंथी आकसावी म्हणून दिलं जाणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्मा होतो, म्हणजे रिपोर्टमधला 2.5 हा 5 समजून वाचायचा. केस गळतीसाठीही फिनास्टेराइड देतात, आणि ती गोळी डॉक्टरांना सांगायचं हमखास राहून जातं.

ग्रंथीचा आकारही पाहावा लागतो. त्यासाठी पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागतात. पीएसए 6 आणि ग्रंथी 80 मिली असेल तर भागाकार 0.075 येतो, तोच 6, पण ग्रंथी 30 मिली, तर 0.20. साधारण 0.15 च्या वर संशय वाढतो.

"बायॉप्सीने पसरतो." सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी तुरळक. खरा धोका संसर्गाचा. गुदाशयातून सुई घातली की तिथले जंतू सोबत जातात. अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घातली की तो धोका बराच कमी होतो. हा मार्ग उपलब्ध आहे का, ते विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा. नंतर वीर्यात काही आठवडे रक्त दिसलं तर घाबरू नये, पण थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बायॉप्सीआधी एमआरआय करून घेतला तर संशयित जागेवर नेम धरता येतो, आणि काहींची बायॉप्सीच टळते.

"लगेच काढून टाका." ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांना शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागलं. 15 वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत सुमारे 3 टक्केच होतं. मात्र देखरेखीच्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, आणि त्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांनी पुढे उपचार घेतलेच. म्हणून देखरेख म्हणजे घरी बसणं नव्हे: सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय आणि बायॉप्सी. बायॉप्सीतल्या पेशी किती आक्रमक दिसतात त्यावरून 1 ते 5 असा ग्रेड ग्रुप ठरतो. ग्रेड ग्रुप 1 ला हा मार्ग बहुधा पुरतो. ग्रेड ग्रुप 4-5 ला नाही. तिथे शस्त्रक्रिया, किंवा रेडिएशनसोबत दीड ते तीन वर्षं हार्मोनचे उपचार लागतात. शस्त्रक्रियेनंतर लघवी गळण्याचा आणि ताठरतेचा त्रास जास्त, रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी जास्त.

व्हिटॅमिन ई. 35,000 हून अधिक पुरुषांवरच्या चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्यांना प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्के जास्त झाला. हे 2011 मध्येच जाहीर झालंय. केवळ प्रोस्टेटसाठी ही गोळी चालू असेल तर बंद करा.