इंग्लंडमधली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी फक्त लष्करासाठी नव्हती

‘इंग्लंडने १९०७ साली शाळांत डॉक्टर पाठवले ते निव्वळ लष्कराला धडधाकट शिपाई मिळावेत म्हणून. पालकांना कुणी विचारलं नाही, आणि नोंदी करण्यापलीकडे मुलांसाठी काही झालं नाही.’ हा मजकूर सध्या खूप फिरतो आहे.

लष्कराचा संबंध होताच. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले शहरी तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले, सरकार हादरलं आणि चौकशी समिती बसली. तिने १९०४ साली शाळांतल्या तपासणीची शिफारस केली. पण लंडनच्या शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाने १८९० मध्ये आणि ब्रॅडफर्ड शहराने १८९३ मध्येच डॉक्टर नेमले होते. युद्ध सुरू झालं १८९९ मध्ये! शिवाय तपासणी मुलींचीही होत होती. नुसते शिपाईच हवे असते, तर त्यांच्यावर खर्च कशाला केला असता?

पालकांना बाजूला ठेवलं, हेही खरं नाही. तपासणीच्या वेळी त्यांनी हजर राहावं, असंच शिक्षण मंडळाचं, म्हणजे सरकारच्या शिक्षण खात्याचं, सांगणं होतं. सक्ती होती ती उवांच्या बाबतीत. १९०८ च्या बालक कायद्यानुसार आधी घरी नोटीस जाई, चोवीस तासांत मूल स्वच्छ झालं नाही तर अधिकारी ते काम करवून घेत. गरीब आयांना याची किती लाज वाटत असेल, हे मी नाकारत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि सुरुवातीच्या वर्षांपुरता बराचसा रास्त. १९०७ च्या कायद्याने तपासणी हे स्थानिक शिक्षण संस्थांचं कर्तव्य ठरवलं, मुलांच्या प्रकृतीसाठी पुढची व्यवस्था करण्याची मात्र नुसती मुभा दिली. किडलेले दात, वाहणारे कान, अधू नजर कागदावर यायची. डॉक्टरची फी कुठून आणायची हा प्रश्न घरच्यांपुढे तसाच राहायचा. १९११ च्या राष्ट्रीय विम्यातही डॉक्टर मिळाला तो विमा उतरवलेल्या कामगाराला, त्याच्या मुलांना नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ब्रॅडफर्डने १९०८ मध्येच शालेय दवाखाना उघडला. त्याच वर्षी मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या समाजसुधारक बहिणींनी लंडनच्या बो भागात दवाखाना सुरू केला, १९१० मध्ये डेप्टफर्डला. मुलांवर उपचार झालेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९१२ पासून उपचारांसाठी सरकारी अनुदान मिळू लागलं, आणि १९१८ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या उपचारांची सोय करणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं.