अप्पा आणि आरओवाला

परवा अप्पा माझ्या तोंडावर थुंकले, आणि पाचच मिनिटांत आरओवाल्याच्या तळहातावर जाऊन डुलू लागले.

अप्पा म्हणजे आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला काटेरी पफर. मालवणकडचे मच्छीमार ज्या केंडांना जाळी कुरतडतात म्हणून शिव्या घालतात, त्यांच्याच भावकीतला. मोठाले डोळे आणि कायम पेन्शन अडकल्यासारखा चेहरा, म्हणून अप्पा. हा मासा माणसाळतो, मालकाला ओळखतो, हातातून खातो, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. त्या आशेवरच आणला.

तर टाकीसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचा मेम्ब्रेन बदलायला तो पोरगा आला होता. तेवीस-चोवीसचा, निळा टी-शर्ट, पाठीला सॅक. काम झटपट केलं, मग टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा मीटर बुडवला आणि त्याचा चेहराच उतरला.

‘‘साहेब, शून्य दाखवतंय.’’

‘‘शून्यच पाहिजे.’’

‘‘शून्य टीडीएसचं पाणी पिऊ नका हां. अंगातलं सगळं जातं.’’

‘‘मी नाही पीत. मासा पितो.’’

तो हसला. ‘‘मासा पाणी पितो?’’

‘‘खाऱ्या पाण्यातला पितो. गोड्या पाण्यातला जवळजवळ पीत नाही.’’

हे खरं आहे, पण खरं सांगून माणसाची पत वाढतेच असं नाही. त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

‘‘मग ह्या पाण्यात तुम्ही काय टाकता?’’

‘‘मीठ. समुद्री मीठ. लिटरला पस्तीस ग्रॅम.’’

तो ओठ हलवत हिशेब करू लागला. ‘‘म्हणजे टीडीएस झाला पस्तीस हजार.’’

‘‘साधारण.’’

‘‘साहेब, मागच्या सोसायटीत बोअरिंगचं सहाशेचं पाणी मी शंभरवर आणलं, तर काकूंनी चहा-बिस्किट दिलं. तुम्ही पैसे देऊन शून्यावर आणता आणि स्वतःच्या हाताने पस्तीस हजार करता?’’

मी त्याला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, त्याने माजणारं शेवाळ, हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘दादर चौपाटी इथून किती लांब?’’

‘‘वीस मिनिटं.’’

‘‘मग कळशी घेऊन जायचं.’’

‘‘अरे, तिथलं पाणी बघितलंयस का तू?’’

‘‘मासे राहतात ना त्यात.’’

ह्यावर काय बोलणार? मी विषय बदलायला म्हणून चिमट्यात एक तिसरी, म्हणजे खायची शिंपली, धरून टाकीपाशी गेलो. म्हटलं, बघ, कसा हातातून खातो. अप्पा सावकाश वर आले, तिसरी घेतली, कडाकडा फोडली, शिंपलीचा चुरा खाली टाकला, पुन्हा वर आले आणि माझ्या तोंडावर सणसणीत पिचकारी मारली. चष्म्यासकट. खाऱ्या पाण्याचे डाग काचेवरून किती लवकर जात नाहीत, ते तेव्हा कळतं.

‘‘ह्याला काहीतरी सांगायचंय,’’ आरओवाला म्हणाला. आणि मी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतोय तेवढ्यात त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

मी ओरडलो. तिसऱ्या फोडणारा जबडा आहे, बोट गेलं तर? पण अप्पा त्या हाताभोवती एक फेरी मारून आले आणि तळहातावर पोट टेकून, पंख फडफडवत, डोळे वर करून बसले. माझ्या हाताला आजवर कधी नाही.

‘‘उपाशी आहे का?’’

‘‘आत्ता तुझ्यासमोर खाल्लं.’’

‘‘मग प्रेमाला उपाशी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘वेळ देत नसाल तुम्ही. ऑफिसला जाता ना?’’

आणि दुसऱ्या हाताने त्याने फोन माझ्याकडे दिला. ‘‘एक व्हिडिओ काढा ना. आडवा धरा, साहेब. आडवा.’’

मी धरला. आडवा.

वेळ देत नाही म्हणे! ह्या माशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजवायला कवचाचं खाणं लागतं, म्हणून दर रविवारी मी मासळीबाजारात तिसऱ्या आणि सालीसकट कोलंबी घ्यायला जातो. आमच्या घरी श्रावण कडक. पण अप्पा श्रावण पाळत नाहीत. गेल्या श्रावणात मावशींनी वाटा पिशवीत टाकताना विचारलं, ‘‘मोडला वाटतं?’’ म्हटलं, नाही हो, घरी मासा आहे, त्याला. ‘‘हो हो, सगळे त्यालाच नेतात,’’ म्हणाल्या, आणि शेजारच्या टोपलीवरच्या दोघी हसल्या. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नाकाला पदर लावला. मे महिन्यात आम्ही दोघं पंख्याखाली घामाघूम आणि अप्पा चिलरच्या कृपेने सव्वीस अंशांत. वीजबिल आलं की बायको ते काही न बोलता टाकीच्या काचेवर चिकटवते. गावी राहायला जायचं म्हटलं की अप्पांचं कोण बघणार, म्हणून एक जण घरी. तो एक जण कोण, हे सांगायला नको.

रात्री मी पुराव्यांच्या मागे लागलो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी आर्चरफिश नावाच्या माशांना एका माणसाचा चेहरा शिकवला होता, आणि ४४ अनोळखी चेहऱ्यांमधूनही त्यांनी तो ओळखला. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘ओळखला म्हणजे कसं कळलं?’’ मी पुढे वाचलं. ओळखीच्या चेहऱ्यावर ते मासे पाण्याची पिचकारी मारत.

‘‘मग झालं तर,’’ ती म्हणाली. ‘‘ओळखतो तुला.’’

ह्यात समाधान मानावं असं काही मला दिसलं नाही. मग २०२५ चा एक अभ्यास सापडला. कॉर्सिकाच्या समुद्रातले जंगली मासे दोन डायव्हरांपैकी खाऊ देणाऱ्याच्या बरोब्बर मागे जायचे, पण दोन्ही डायव्हरांना एकसारखा पोशाख घातला की त्यांना फरक कळेना. म्हणजे सगळा खेळ कपड्यांच्या रंगाचा! निळा टी-शर्ट! मी कपाटातून ऑफिसच्या स्पोर्ट्स डेचा निळा टी-शर्ट काढला आणि सकाळी टाकीसमोर उभा राहिलो. अप्पांनी आधी टी-शर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खडकामागे जाऊन बसले.

दुपारी आरओवाल्याचं स्टेटस दिसलं. तोच व्हिडिओ, वर लाल बदाम, खाली ‘अपना नया दोस्त’. कंपनी म्हणते ‘सर्व्हिस स्टाफचा नंबर जपून ठेवा’, त्याचा हा उपयोग. संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘‘साहेब, फिल्टरची पुढची सर्व्हिस सहा महिन्यांनी आहे, पण मी मध्ये एकदा येऊन जाईन. असाच, त्याला भेटायला. त्याचा चार्ज लागणार नाही.’’

परवाचे चारशे रुपये व्हिजिटिंग चार्ज मात्र त्याने घेतलेच. वर जीएसटी.