बारावी स्लिप, आणि कौशल्य विकासाचा तो मेसेज

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, कॉलेजच्या बॅचच्या, माहेरच्या भावकीच्या आणि भिशीच्या. मजकूर थोडक्यात असा: "कौशल्य विकास म्हणजे दिल्लीचा पैसा आणि मुंबईचा फोटो. संस्थांना पैसे आधीच मिळतात, पोरांच्या हातात नुसता कागद. जिल्ह्याला कोण विचारतंय? तिकडं लाडक्या भावाला घरबसल्या दहा हजार. आपले गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) कुठला कोर्स करून गेले होते? सगळं बंद करा, पैसे थेट पोरांच्या खात्यावर टाका." खाली जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढं पाठवा'.

मी सहा वर्षं सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रात होते. आधी गावोगाव फिरून पोरं गोळा करायची, म्हणजे मोबिलायझर, आणि नंतर प्लेसमेंट. ते केंद्र आता बंद आहे. त्यामुळं मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगते. पण या मेसेजमधली निम्मी वाक्यं चूक आहेत, आणि जी बरोबर आहेत त्यांचं कारण चूक दिलंय.

पहिलं, 'दिल्लीचा पैसा'. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ च्या जुलैमध्ये सुरू झाली, ती केंद्राची, हे खरं. पण २०१६ नंतरच्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात पंचवीस टक्के भाग राज्यांनी चालवायचा होता. आपल्याकडं तो राज्याच्या कौशल्य विकास सोसायटीमार्फत चालला. ग्रामीण पोरांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय योजनेत केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के असतात. प्रमोद महाजन कौशल्य अभियान राज्याचं आहे. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. 'किमान कौशल्य विकास कार्यक्रम' तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतो. पालकमंत्री ज्या बैठकीचे अध्यक्ष असतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जिचा फोटो येतो, तीच ही समिती. म्हणजे फोटो मुंबईचाच असतो असंही नाही, सांगलीतही निघतो.

आता 'पैसे आधीच मिळतात'. हे वाक्य वाचलं की मला हसू येतं, आणि मग एक बॅच आठवते.

केंद्राने २०१५ मध्येच सगळ्या योजनांसाठी सामायिक निकष काढले होते. त्यात संस्थेचे पैसे तीन हप्त्यांत ठरले. बॅच सुरू झाल्यावर तीस टक्के, परीक्षा होऊन प्रमाणपत्रं मिळाल्यावर पन्नास, आणि पोरं कामाला लागल्यावर उरलेले वीस. शेवटच्या हप्त्यालाही चाळणी होती. पास झालेल्यांपैकी सत्तर टक्के कामाला लागले तर तो पूर्ण, पन्नास ते सत्तरच्या मधे असाल तर त्या प्रमाणात, आणि पन्नासच्या खाली गेलात तर शून्य.

आमची एक मशीन ऑपरेटरची बॅच होती, तीनशे तासांची. उत्पादन क्षेत्राचा सुरुवातीचा दर तासाला ३८.५० रुपये, म्हणजे एका पोरामागं ११,५५० रुपये. चोवीस जण पास झाले. शेवटचा वीस टक्क्यांचा हप्ता ५५,४४० रुपयांचा होता. त्यात आमच्या केंद्राचं दोन महिन्यांचं भाडं आणि लाईट बिल निघालं असतं.

चोवीसपैकी अठरा पोरं खरोखर कामाला लागली. मी स्वतः टू-व्हीलरवर बसवून काहींना एमआयडीसीत सोडून आले. पण कामाला लागला हे सिद्ध करायला पगाराची स्लिप लागते, नाहीतर पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक. स्लिपा मिळाल्या अकरा. पन्नास टक्क्यांची रेघ बारावर होती.

बाराव्या स्लिपसाठी मी एका वर्कशॉपच्या मालकाकडं, अण्णांकडं, तीन वेळा गेले. आठ कामगार, दोन लेथ, एक जुनं मिलिंग, दारात कास्टिंगचा ढीग. पोरगं आत उभं राहून काम करत होतं, मला दिसत होतं. माझ्याकडं बघून हसलंसुद्धा. पगार दर दहा तारखेला पाकिटात, रोख. अण्णांना म्हटलं, एका कागदावर लिहून द्या, शिक्का मारा, बास. अण्णांनी हात पुसले, चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, पगार देतो की मी त्याला. कागद कशाला? आज नाव कागदावर गेलं की उद्या कोण दारात येईल, मला म्हाईत न्हाई." चहा चांगला होता. स्लिप मिळाली नाही. ५५,४४० रुपयांतला एक रुपया आला नाही, आणि सरकारच्या हिशेबात त्या बॅचची तेरा पोरं बेकार राहिली. प्रत्यक्षात सहा होती.

तर सगळे पैसे आधीच मिळत नाहीत. शेवटचा हप्ता पोरं कामाला लागल्यावर मिळतो, कधी मिळतच नाही. यातून पळवाटा निघाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. दुकानाच्या कोऱ्या लेटरहेडचं पुडकं बाळगणारे लोक मी पाहिलेत. पण ती चोरी शेवटच्या हप्त्यापाशी होते, पहिल्या नाही. आणि मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. पंतप्रधान योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत पोरं कामाला लागली का याचा माग ठेवला जायचा, चौथ्या टप्प्यात तो सोडून दिला. पोरांनी आपला मार्ग आपण निवडावा, असं त्याचं कारण दिलं गेलं. ओरडायचं तर यावर ओरडायला हवं. त्या हप्त्याने मला रडवलं हे खरं, पण त्याच्यामुळंच आम्ही वर्कशॉपच्या दारात तीन-तीनदा जात होतो. तो नसता तर एकदाही गेलो नसतो.

'जिल्ह्याला कोण विचारतंय?' विचारतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची कौशल्य समिती असते, आणि कुठल्या तालुक्यात कशाचे किती लोक लागतील याचा आराखडा तिथं होतो. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने आलेल्या 'संकल्प' कार्यक्रमाचा भर याच जिल्हा आराखड्यांवर होता. प्रश्न हा आहे की आराखड्यात आकडे कुठून येतात.

पूर्वी ज्याला आपण सेवायोजन कार्यालय म्हणायचो, तिथं १९५९ च्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत चालू असलेल्या, कायद्याने पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेला दर तिमाहीला विवरण द्यावं लागायचं: किती माणसं आहेत, किती जागा रिकाम्या आहेत. त्या कार्यालयाची पाटी बदलली, अर्ज 'महास्वयं' या राज्याच्या रोजगार पोर्टलवर ऑनलाइन गेले. शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्तीही तीस आणि त्यापुढच्या आस्थापनांना, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. आता कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीत गल्लीगल्लीनं फिरा आणि पंचवीसच्या वर माणसं असलेली शेड किती ते मोजा. अण्णांच्या वर्कशॉपसारख्या आठ-दहा माणसांच्या शेडा, बेदाण्याची प्रतवारी करणारे, विट्याचे यंत्रमाग, मिरजेतले सतारमेकर, हे कुणीच त्या विवरणात यायचे नाहीत. काम देणारे तेच, आणि नियोजनाच्या कागदावर नसलेलेही तेच. मग आराखड्यात काय उरतं? वरून आलेली कोर्सची यादी आणि टारगेट.

आमच्या केंद्राला एका वर्षी शिवणकामाच्या दोन बॅचेस आल्या, त्याही द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर. तासगाव भागातल्या बायका छाटणी आणि पुढं विरळणी सोडून मशीनवर बसतील असं ज्यांना वाटलं, ते द्राक्ष फक्त गाड्यावर बघत असावेत. आधारच्या हजेरी यंत्रावर बोटं उमटायची नाहीत ते वेगळंच. बागेत राबून रेघा झिजलेल्या. एक काकू बोट पदराला पुसून पाच वेळा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मी आलीय की हितं, ह्याला दिसत न्हाई व्हय?"

लाडक्या भावाचं लवकर आटपते. लोक 'लाडका भाऊ' म्हणतात ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ ची. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा. घरबसल्या नाही. आस्थापनेत जाऊन काम करायचं, हजेरी आस्थापनेने भरायची, मग पैसे. मुदत सहा महिने होती, २०२५ मध्ये अकरा झाली. कायम करण्याचं आश्वासन योजनेत कुठंही नव्हतं. आणि खासगी आस्थापना तीन वर्षं जुनी, पीएफ-ईएसआयसारख्या नोंदण्या असलेली हवी. म्हणजे अण्णा इथंही बाहेर.

शेवटचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात चांगला आहे. गलाईवाले कुठं शिकले? खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं साताऱ्यातला माण-खटाव, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली, ती खरंच कुठल्या सरकारी वर्गात बसली नव्हती. माझे मावसभाऊ त्यातलेच. मूस कशी तापवायची, तेजाब किती ओतायचं, वाफ कुठल्या बाजूला जाते ते बघून कुठं उभं राहायचं, हे ते काकांच्या दुकानात शिकले. कोर्सपेक्षा चांगलं शिकले, मी मान्य करते.

पण त्यासाठी कोईमतूरला काका लागतो. दुकानात झोपायला जागा, दोन वर्षं बिनपगारी राबवून घेणारा आणि तरीही आपला असणारा माणूस लागतो. तो भावकीतून येतो, आणि भावकी सगळ्यांना सारखी नसते. माझ्या बॅचमध्ये जतकडची एक मुलगी होती. वडील नाहीत, आई ऊसतोडीला. तिला कुठल्या काकाने पाठवायचं होतं, आणि मुलीला गलाईच्या दुकानात ठेवलं असतं का? ती आमच्याकडं रुग्णसेवेचा कोर्स करून मिरजेतल्या एका दवाखान्यात लागली. तिथं स्लिप मिळते, म्हणून ती आमच्या कागदावर आहे.

'पैसे थेट खात्यावर टाका' यावर एवढंच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालानुसार याच पंतप्रधान योजनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांत चौऱ्याण्णव टक्क्यांहून जास्त उमेदवारांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना कोरा होता किंवा त्यात नुसती शून्यं, 'लागू नाही' असलं काहीतरी भरलेलं होतं. पास झालेल्या पोराला पाचशे रुपये थेट खात्यावर द्यायचे होते, ते ज्या रकान्यातून जायचे तोच हा रकाना.

गेल्या दिवाळीत अण्णा बाजारात भेटले. दोन लेथच्या चार झाल्यात. माझ्याकडं कोण पोरं आहेत का विचारत होते. म्हटलं, आमचं सेंटर बंद झालं, 'महास्वयं' पोर्टलवर जागा टाका, तिथून मिळतील. "तिथं नाव-पत्ता, कामगार किती, सगळं भरायला लागतंय का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग राहू द्या, बघू."