‘ऑल द बेस्ट’ म्हणण्यात काहीही चूक नाही

परीक्षा आणि निकालांचा हंगाम आला की व्हॉट्सॲपवर एक यादी हमखास फिरू लागते. डावीकडे ‘हे म्हणू नका’ आणि उजवीकडे ‘त्याऐवजी हे म्हणा’ असे दोन रकाने असतात. ‘काँग्रॅच्युलेशन्स’ऐवजी ‘कुडोज’, ‘ऑल द बेस्ट’ऐवजी ‘ब्रेक अ लेग’, ‘वेल डन’ऐवजी ‘वे टू गो’, आणि अपयश आलेल्या माणसाला ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’, असा सल्ला त्यात दिलेला असतो. डावीकडचे शब्द पुस्तकी किंवा भारतीय आहेत, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक ते वापरत नाहीत, आणि उजवीकडचा रकाना पाठ केला की आपले इंग्रजी सहज वाटू लागते, असा तिचा दावा आहे. हा दावा बहुतांशी चुकीचा आहे. मोठ्या कष्टाने इंग्रजी बोलू लागलेल्या माणसाच्या तोंडचे बरोबर वाक्य काढून घेऊन त्याच्या हाती तो चुकीचे वाक्य देतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘काँग्रॅच्युलेशन्स’ हा शब्द इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या सर्व देशांत रोज बोलला जातो. लग्न, बाळाचा जन्म, पदवी, बढती, नवे घर अशा प्रत्येक प्रसंगी तो चालतो, आणि ‘काँग्रॅट्स’ हे त्याचेच सलगीतले लघुरूप आहे; ते मैत्रिणीला पाठवावे, विभागप्रमुखांच्या पत्रात लिहू नये. ‘कुडोज’ हा मूळचा ग्रीक शब्द कीर्ती किंवा वाहवा या अर्थाचा असून तो एखाद्या कामगिरीसाठी दिला जातो. रखडलेला प्रकल्प मार्गी लावणाऱ्या सहकाऱ्याला तो शोभतो. बाळ झाल्याबद्दल किंवा लग्नाबद्दल तो ऐकणाऱ्याला विचित्रच वाटेल. आपल्याकडून खरोखर ज्या चुका होतात, त्यांविषयी मात्र ही यादी गप्प असते. अभिनंदन करताना हा शब्द नेहमी अनेकवचनी असतो, त्यामुळे शेवटचा ‘स’ गाळून चालत नाही. आणि बढतीबद्दल अभिनंदन करताना ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन’ अशी ‘ऑन’ घेऊन येणारी रचना रूढ आहे, तिथे आपण ‘बद्दल’साठी सवयीने ‘फॉर’ वापरतो.

‘ऑल द बेस्ट’ हे भारतीय इंग्रजी असल्याचे विधान तर सरळ असत्य आहे. ब्रिटनमध्ये परीक्षेला किंवा नव्या नोकरीला निघालेल्या माणसाला ते सर्रास म्हटले जाते, शिवाय मित्राच्या पत्राचा किंवा ईमेलचा शेवटही त्याने होतो. अमेरिकेत त्याच जागी ‘गुड लक’ अधिक ऐकू येते, एवढाच फरक. ‘ब्रेक अ लेग’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पाय मोड’ असा होतो आणि ते नाटकवाल्यांचे बोलणे आहे: रंगमंचावर जाणाऱ्याला उघड शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो, अशी तिकडच्या नटांची जुनी समजूत. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्यामागची भावना याच जातीची आहे. रंगमंचावर जाणाऱ्या नटांना ते म्हणावे. भाषणाला किंवा मुलाखतीला निघालेल्या मित्राला कोणी गमतीने म्हणतही असेल. परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या काकूंना किंवा कबड्डीच्या सामन्याला निघालेल्या मुलाला कोणी यादीवर विसंबून हे म्हटले, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

शाबासकीच्या शब्दांत यादी दोन गोष्टी विसरते, आणि त्या दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे इंग्रजी बोलणारे सगळे लोक एकसारखे बोलत नाहीत. ‘वेल डन’ ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अगदी नित्याचे आहे, ‘गुड जॉब’ आणि ‘वे टू गो’ ही अमेरिकी वळणाची, तर ‘गुड ऑन यू’ म्हटले की ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड आठवावे. त्यातही ‘वे टू गो’ उपरोधाने पुष्कळ वापरले जाते: कोणाच्या हातून चहाचा ट्रे निसटला की मागून हेच ऐकू येते. दुसरी गोष्ट नात्याची. ‘वेल डन’, ‘गुड जॉब’ किंवा ‘कीप इट अप’ ही मुख्यतः मोठ्याने लहानाला किंवा बरोबरीच्याला द्यायची दाद आहे. प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलेले ‘कीप इट अप’ योग्यच असते; तेच आपल्या वरिष्ठांना ऐकवले तर आपण त्यांची पाठ थोपटत आहोत असे वाटते. वरिष्ठांच्या भाषणानंतर ‘आय रिअली एन्जॉइड युअर टॉक’ एवढे साधे वाक्य पुरेसे असते, आणि ते कोणाच्याही कानाला खटकत नाही.

‘हार्टिएस्ट काँग्रॅच्युलेशन्स’ आणि ‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’ ही भारतीयांनी रचलेली वाक्ये आहेत, हाही आरोप टिकत नाही. दुसरे वाक्य ब्रिटनमध्ये आजही वाढदिवसाला वापरले जाते आणि पहिले जुन्या औपचारिक पत्रव्यवहारातले आहे. ती आपल्या घरांत रुजण्यात तार खात्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. शुभेच्छांच्या तारेसाठी खात्याने वाक्ये ठरवून त्यांना क्रमांक दिलेले होते. पाठवणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचा आणि लग्नघरी पूर्ण वाक्य पोहोचायचे. 2013च्या जुलैमध्ये भारतातली तारसेवा बंद झाली, पण ती वाक्ये लग्नपत्रिकांच्या आणि निरोपांच्या भाषेत उरली. आज ती थोडी जुन्या घाटाची वाटतात हे खरे. चुकीची मात्र ती नाहीत. एका ठिकाणी यादी बरोबर आहे, ते मान्य करायला हवे: ‘हॅपी जर्नी’ हे खास आपल्याकडचे आहे. लंडनला किंवा न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाला तिथले लोक ‘हॅव अ सेफ ट्रिप’ किंवा ‘सेफ ट्रॅव्हल्स’ म्हणतील.

यादीतला सर्वांत घातक सल्ला अपयशाविषयीचा आहे. ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ हे सोडतीच्या तिकिटावर, कॅरमच्या डावावर, फार तर हरलेल्या मैत्रीपूर्ण सामन्यावर शोभते. वर्षभर अभ्यास करून स्पर्धा परीक्षेत राहिलेल्या मुलीला ते म्हटले, तर तिच्या कष्टांना आपण नशिबाचा खेळ ठरवतो, आणि इंग्रजीत त्याला बऱ्याचदा टोमण्याचाही वास येतो. ‘हँग इन देअर’ हे धीर देणारे वाक्य आहे, पण अडचण चालू असताना: उपचार सुरू आहेत, नोकरीचा शोध संपलेला नाही, अशा वेळी. निकाल लागून गेल्यावर आधी ‘आय ॲम सो सॉरी, आय नो हाऊ हार्ड यू वर्क्ड’ असे म्हणावे, मग तिला बोलू द्यावे, आणि पुढच्या प्रयत्नाचा विषय तिने काढला तरच ‘यू कॅन डू इट’ म्हणावे.