फोर-के टीव्हीला ३०० एमबीपीएस लागत नाही, तो मेसेज पुढे ढकलू नका

"फोर-के टीव्ही घेतलाय? मग किमान ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्याच, कमी स्पीडने पॅनेल खराब होतो" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि ती पेन्शनमधून वर्षभराचे पैसे एकदम भरायला निघाली, म्हणून लिहितेय.

आधी पॅनेलचं, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचं. धादांत खोटं आहे हे. नेट स्लो झालं की ॲप स्वतःच क्वालिटी खाली आणतं, चित्र धूसर होतं, नाहीतर ते गोल चक्र फिरत बसतं, बाकी टीव्हीला काहीही होत नाही. केबलवरची जुनी एसडी चॅनल्स लोक मोठ्या टीव्हीवर वर्षानुवर्षं बघतायत, कोणाचा पॅनेल गेला त्यामुळे? म्हाताऱ्या माणसांना महागड्या वस्तूची भीती घालायची, याचाच संताप येतो.

आता ३०० चा आकडा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, नेटचा वेग. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हेल्प पेजवर लिहिलंय, फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५. मावशीकडे ४० चा प्लॅन आहे, म्हणजे दोन टीव्हीवर एकदम फोर-के लावलं तरी ३० च होतात. आणि तिचं नेटफ्लिक्स बेसिकवालं, त्यात ७२०पीच्या (साध्या एचडीच्या) वर चित्र येतच नाही मग नेट कितीही वाढवा, फोर-के हवं तर प्रीमियमच घ्यावं लागतं. शिवाय बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर जोडायची जागा, १०० चंच असतं, वायर जोडली तरी ३०० आत शिरणार नाहीत.

"डाउनलोडला ५ च दिसतात, कंपनी चोर आहे" हे पण आहे त्यात. अहो ते ५ मेगाबाइट, प्लॅन असतो मेगाबिटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ४० ला ८ ने भागा, ५ च येतात.

"बफरिंग म्हणजे स्पीड कमी" यात थोडं तथ्य आहे, मान्य (बफरिंग म्हणजे चित्र अडकून ते चक्र फिरणं). घरात तिघं-चौघं एकाच वेळी बघत असतील, कोणाचं वर्क फ्रॉम होम असेल, वर पोरगं गेम डाउनलोड करत असेल तर ४० कमी पडतं, १०० घ्या. पण मावशीचा राउटर होता हॉलमधल्या लोखंडी कपाटामागे, टीव्ही आतल्या खोलीत, मधे दोन भिंती, आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, ज्यात अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकमेकांच्या अंगावर येतात. राउटर बाहेर काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला, त्याच ४० वर सिनेमा न अडकता चालला.

पैसे भरायच्या आधी रात्री नऊ-दहाला मोबाइलवर फास्ट डॉट कॉम उघडा, नेटफ्लिक्सचीच टेस्ट आहे ती. एकदा राउटरशेजारी बघा, एकदा टीव्हीपाशी. राउटरजवळ ३८ आणि टीव्हीजवळ ६ आले तर प्लॅनला हात लावू नका, राउटर हलवा नाहीतर लॅनची वायर ओढून घ्या. राउटरला चिकटून पण ६ च येत असतील तर नेटवाल्याला फोन लावा आणि कम्प्लेंट नंबर घेतल्याशिवाय ठेवू नका.