समुद्रकाठचे दुसरे घर : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

निवृत्तीला दहा वर्षे उरली की समुद्रकाठच्या एखाद्या लहान शहरात दुसरे घर घेऊन टाकावे, असा सल्ला सध्या सर्रास फिरतो आहे. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा : तोवर घर पर्यटकांना भाड्याने दिले की भाड्यातून हप्ते फिटतात, किनाऱ्यालगतची जागा मोजकीच असल्याने किंमत वाढतच जाते, बंद घर काही खात-पीत नाही, आणि समुद्राची हवा म्हणजे म्हातारपणाचे औषधच. समुद्राची ओढ मलाही आहे, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार नाही. आक्षेप आहे तो एका गृहीतावर. घर, किनारा, कायदे आणि आपले शरीर ही सगळी दहा वर्षे आपली वाट पाहत जागच्या जागी थांबतील, असे हा सल्ला धरून चालतो.

हप्त्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो कागदावर तपासता येतो. शंभराचे कर्ज ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो आणि १० वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यानंतरही शंभरातले जवळजवळ ६९ मुद्दल फेडायचे उरते. म्हणजे पगार थांबतो त्याच दिवशी दोन-तृतीयांशाहून अधिक कर्ज डोक्यावर असते. मुदत १० वर्षांवर आणली तर हप्ता जवळपास दीडपट होतो, आणि मग तो भाड्यातून निघेल ही आशा आणखी क्षीण होते. कारण भाडे हंगामी असते आणि हप्ता बारमाही. शिवाय तुम्हाला स्वतःला तिथे राहावेसे वाटते ते दिवस आणि चांगले भाडे मिळते ते दिवस बहुधा एकच असतात, ही गोष्ट सल्ला देणारे सोयीस्करपणे विसरतात.

भाड्याने देण्याची मुभा कायम राहील, हेही धरून चालता येत नाही. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातल्या दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपुष्टात आणले जातील. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराशिवाय ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. स्थानिकांना राहायला घरे उरली नाहीत की असे निर्णय होतात, आणि मला ते अन्यायाचे वाटत नाहीत. पण भाड्याच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्याने ते हिशेबात धरायला हवेत.

किमतीबद्दल फार लिहीत नाही. जागा मोजकी आहे हे खरे, पण ती कमीही होऊ शकते. जगभरातली सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास पोहोचला. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या रोडँथे येथे किनाऱ्याची धूप होऊन २०२० पासून अनेक घरे अक्षरशः लाटांत कोसळली आहेत. कर्ज २० वर्षांचे असते, घराचा विमा मात्र सहसा वर्षावर्षाने नव्याने घ्यावा लागतो, आणि विमा कंपनीने पाठ फिरवलेले घर विकत घ्यायला कोणी सहजासहजी पुढे येत नाही.

‘बंद घर खात-पीत नाही’ हे विधान सर्वांत लबाड आहे, कारण शहरातल्या कोरड्या सदनिकेबाबत ते निम्मे तरी खरे असते. काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की तो थर भेदला जातो, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतूनच फुटू लागते. घर पाहायला गेलात तर समुद्राचा देखावा नंतर पाहा. आधी मान वर करून गच्चीच्या किंवा सज्जाच्या तळाकडे पाहा. कडेला तपकिरी ओघळ, केसाएवढी सरळ रेषेतली भेग, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा दिसला, की आतली सळई गंजू लागली आहे असे समजावे. वापरात असलेल्या घरात हे लवकर नजरेला येते. चार-चार महिने कुलूप असलेल्या घरात मात्र ओल साठते, खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजून घट्ट होतात आणि ओघळ पाहायला कोणी नसते.

फ्लोरिडातल्या सर्फसाइड येथे १९८१ मध्ये बांधलेल्या किनाऱ्यावरच्या इमारतीचा मोठा भाग २४ जून २०२१ रोजी कोसळला आणि ९८ जण मृत्युमुखी पडले. दोष एकट्या गंजाचा नव्हता, मूळ रचनेतही उणिवा होत्या. तरीही काँक्रीटच्या हानीचा इशारा अभियंत्याने २०१८ मध्येच दिलेला होता, आणि दुरुस्तीचा सुमारे दीड कोटी डॉलरचा भार सदनिकाधारकांवर यायचा होता. दुर्घटनेनंतर तिथे जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी यांचे नियम कडक झाले. त्यामुळे ज्यांचे उत्पन्न ठरावीक आहे अशा निवृत्तांना मोठमोठ्या रकमा भरण्याची पाळी आली.

हवेच्या मुद्द्यात तथ्य आहे. इंग्लंडच्या २००१ च्या जनगणनेच्या अभ्यासात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे काहीसे अधिक प्रमाणात सांगितल्याचे आढळले होते. पण त्याच देशाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांच्या २०२१ च्या अहवालाने किनारी वस्त्यांत अनेक मोठ्या आजारांचे प्रमाण जास्त आणि आयुर्मान कमी असल्याचे दाखवून दिले, आणि तिथे डॉक्टर टिकत नाहीत याकडेही लक्ष वेधले. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या साडेचार तासांत लक्षण ओळखणे, वाहन मिळणे, रस्ता कापणे आणि मेंदूचे स्कॅन होणे हे सगळे बसवावे लागते. आज ५० व्या वर्षी दोन तासांची ड्राइव्ह आनंदाची वाटते. ७५ व्या वर्षी गाडी चालवणारा जोडीदारच आजारी पडला, तर तेच अंतर निराळे असते.

राहिला शेवटचा मुद्दा : ‘आत्ता घेतले नाही तर पुढे परवडणार नाही.’ पुढे परवडेल की नाही हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक नसते. पण ते गाव मानवेल की नाही हे आज कळू शकते. त्यासाठी हंगाम संपल्यावर, म्हणजे निम्मी दुकाने बंद असतात आणि वारा झोंबतो तेव्हा, तिथे दोन-तीन महिने भाड्याने राहावे, रात्री अकरा वाजता डॉक्टर मिळतो का ते पाहावे, आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्याकडे बसून मागच्या वादळात पाणी कुठवर आले होते ते विचारावे.